उजवा दिवा

वन्संच्या अपघाताचा फोन आला तेव्हा मी भाकरीसाठी उकड काढत होते. रोह्याजवळच्या वरसेहून त्यांची शेजारीण फरीदा बोलत होती. "सुनंदाभाभी, कोलाडहून येताना ताई बसलेल्या मिनीडोर रिक्षाला पिकअपने धडक दिली... तुम्ही दोघं लगेच निघा." तिच्या आवाजावरूनच काय ते कळलं. आम्ही दोघं पेणहून तसेच रोह्याला निघालो. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही पाय ठेवला आणि ओळखीचे एक गृहस्थ पुढे येऊन ह्यांचा हात धरून म्हणाले, "वेळ आली होती हो त्यांची. आपल्या हातात काय आहे?" मी तेव्हा गप्प बसले. रडू आवरत नव्हतं म्हणून गप्प बसले, पटलं म्हणून नव्हे.

त्यानंतरच्या दिवसांत हे वाक्य मी किती तोंडून ऐकलं! भेटायला आलेला प्रत्येक जण चपला काढायचा, फोटोला नमस्कार करायचा आणि तेच बोलायचा. माझा नुसता संताप व्हायचा. वेळ आली होती म्हणे! वन्संची प्रकृती ठणठणीत होती. त्या गेल्या, कारण एका पिकअपचा उजवा दिवा बंद होता आणि तो कोणी बदलला नव्हता. एवढी साधी गोष्ट म्हणायला लोकांची जीभ का अडखळते, मला अजून कळलेलं नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर त्यांची गाडी विकून टाका, असा सल्ला सगळ्यांनी दिला. वन्संनी तो ऐकून घेतला आणि चाळिशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकल्या. शिकल्या त्या नुसत्या चालवायला नाहीत. हवा, पाणी, ऑइल, सगळं स्वतः बघायच्या. एकदा अंगणात बोनेट उघडून दिव्याचा बल्ब बदलत होत्या, तर रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने विचारलं, "काय वहिनी, मेकॅनिक झालात काय?" वन्संनी मानही वर केली नाही. "व्हय. तुझा मागचा लाइट लागत नाय, आण इकडं, तोपन करते." तो जो सटकला, तो पुन्हा त्या रस्त्याने यायचा तो हळूच. मला मात्र तेव्हा या सगळ्याचं हसूच यायचं. बाई जरा अतीच करते, असं वाटायचं.

ते हसू गडब गावाजवळ थांबलं. आम्ही दोघी रोह्याहून पेणला येत होतो. दिवेलागण झाली होती. समोरून एकच दिवा येत होता. वन्संनी गाडी पार डावीकडे घेतली, जवळजवळ मातीत उतरवली. मी म्हटलं, "अहो, एवढी जागा कशाला? मोटारसायकल तर आहे." त्या म्हणाल्या, "बघ गो नीट." बघते तर भाताची पोती लादलेला टेम्पो अंगावरून गेल्यासारखा गेला. "उजवा दिवा गेला की असं होतं सुनंदा. त्याचा डावा दिवा लांबच्या कडेला दिसतो, आपल्याला वाटतं बाईक हाय, जाईल कडेनं. आणि मधला सगळा टेम्पो काळोखात." एवढ्यावर थांबतील तर वन्सं कसल्या. गाडी वळवून त्या टेम्पोच्या मागे गेल्या. तो चहाच्या टपरीवर थांबलेलाच होता. ड्रायव्हर अगदी नम्रपणे म्हणाला, "दसऱ्याला करतो ना मावशी. तेव्हा सगळंच काम काढायचंय." वन्सं कडाडल्या, "आणि दसऱ्यापर्यंत समोरच्यानं घरी बसायचं?"

दसरा! आपल्याकडे गाडीचं प्रत्येक काम दसऱ्याची वाट बघत बसतं. त्या दिवशी गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा, चाकाखाली लिंबू चिरडायचं, आणि मग वर्षभर देवाने बघून घ्यायचं. वन्संही पूजा करायच्या, पण आधी सगळे दिवे लावून तपासायच्या. "आंधळ्या गाडीला हार कसला घालता?" असं त्या भावकीतल्या लोकांना तोंडावर विचारायच्या. लोक हसायचे आणि पेढा पुढे करायचे.

आणि अशी ही बाई गेली ती स्वतःच्या गाडीत नाही. नात्यातलं लग्न उरकून कोलाड स्टेशनवर उतरल्या आणि मिनीडोरमध्ये बसल्या. पुढे ट्रॅक्टर होता. समोरून एक दिवा आला. वाचलेल्या एका बाईने मला सांगितलं, की मागून वन्सं ओरडल्या, "थांब रे, बाईक नाय ती!" पण मिनीडोरवाल्याने ट्रॅक्टरला मागे टाकायला गाडी उजवीकडे काढली होती... पिकअपवाल्याचा हात मोडला. दवाखान्यात पडल्या पडल्या तो ह्यांना म्हणाला, "बल्ब दसऱ्याला बदलणारच होतो, साहेब." त्याच्याविषयी माझ्या मनात दया यायला हवी, असं लोक म्हणतात. असेल. मला अजून तरी येत नाही.

तेराव्याचं जेवण उरकलं. ऊन कलून अंधारून आलं, तशी परतणाऱ्यांची घाई सुरू झाली. ह्यांनी आमची गाडी वळवून वन्संच्या दाराशी आणली आणि मी जिन्यात थबकले. पांढऱ्या भिंतीवर उजेडाचा एकच गोल पडला होता. उजवा दिवा बंद.

"अहो, दिवा गेलाय," मी म्हटलं.

"माहीत आहे गं. धावपळीत राहून गेलं. पेणला गेल्यावर बघू."

मागे उभे असलेले ह्यांचे काका म्हणाले, "आता कुठे बोनेट उघडत बसता? दोन घटकांचा तर रस्ता. चला, सावकाश जा."

तेरा दिवस रडलेली ती माणसं होती. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मी या गाडीत बसणार नाही, आणि तुम्हालाही बसू देणार नाही." ह्यांचा चेहरा पडला. लोकांसमोर मी असं कधी बोलले नव्हते.

फरीदाने माझा हात धरून मला आत देवघराशी नेलं. "ताई इथंच ठेवायच्या." खालच्या खणात वाती, काडेपेटी, कापूर, आणि त्यांच्याच शेजारी खोक्यात नवाकोरा बल्ब. ज्याने उजेड पडतो ते सगळं वन्संनी एका जागी ठेवलं होतं. त्यांच्या आणि आमच्या गाडीला एकाच जातीचा बल्ब लागायचा. ह्यांनी बोनेट उघडलं, प्लग ओढला, रबराची टोपी काढली, तारेची क्लिप सोडवली. नवा बल्ब काचेला धरायला गेले, तशी मी ओरडले, "काचेला बोट नको, मागून धरा!" वन्सं हेच ओरडायच्या; बोटाचं तेल काचेला लागलं की बल्ब लवकर जातो म्हणायच्या. हे तिथेच बोनेटवर डोकं टेकून रडले. "ताईनं मला पण सांगितलं होतं गं... दर वेळी सांगायची." मी त्यांची समजूत घातली नाही. बल्ब बसवून झाला, दोन्ही दिवे लागले, तेव्हाच मी गाडीत बसले.

काका मात्र स्वतःच्या गाडीपुढे जाऊन, वाकून दिवे बघत होते.

आता आमच्या देवघराच्या खणातही वातींशेजारी एक बल्ब असतो. अजूनही कोणी ना कोणी भेटायला येतं आणि सुस्कारा टाकून म्हणतं, वन्संची वेळ आली होती. मी चहाचं आधण ठेवत नाही. म्हणते, आधी खाली चला, गाडी सुरू करा आणि दिवे लावून दाखवा.