अपेंडिक्सचं ऑपरेशन

चैत्र सरत आला की लालबागच्या हवेत मिरचीचा ठसका भरतो. मसाला कुटणाऱ्या डंख-यंत्रांचा धपधप आवाज सकाळपासून चाळीच्या भिंतींतून झिरपत राहतो, आणि त्याच्याबरोबर धणे, दगडफूल, भाजलेली बेडगी यांचा उग्र पण घरगुती गंध जिन्याजिन्याने वर चढतो. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावून शिंकतात, हसतात. मला हसू येत नाही. बारा वर्षांपूर्वी, अशाच दिवसांत, माझी बायको वैशाली पोटाशी उशी घट्ट दाबून शिंकायची. टाके ओले होते. तिच्या डोळ्यांतलं पाणी मिरचीचं किती आणि दुखण्याचं किती, हे मी कधी विचारलं नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसे. अंडाशयात बीजं धरतात पण पिकून बाहेर पडत नाहीत, असं परळच्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, माझ्या तपासण्या झाल्या. शेवटी त्या म्हणाल्या, दुर्बिणीतून अंडाशयांवर बारीक डाग देऊ, कधीकधी त्याने बीज सुटायला लागतं. आणि घरी सोडताना माझ्याकडे रोखून पाहत त्यांनी बजावलं, "दोन-तीन आठवडे विश्रांती, मग नेहमीसारखं राहा. पुढचे सहा-आठ महिने सोन्यासारखे आहेत हो. वाया घालवू नका."

किती साधं वाक्य! ते आमच्या खोलीपर्यंत नेण्याचं धैर्य मात्र माझ्यात नव्हतं.

चाळीत आजार लपत नाही, त्याला फक्त नाव दुसरं देता येतं. मी नाव दिलं, अपेंडिक्स. आईलाही तेच सांगितलं. वैशालीला लोकांच्या नजरा नकोत म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली. आज इतक्या वर्षांनी तुमच्याजवळ खरं बोलतो. भीती माझी होती. मूल होण्यासाठी ऑपरेशन म्हटलं की पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता, गॅलरीत, नळावर, मंडळाच्या बैठकीत. रिपोर्ट खिशात घेऊन का कोणी पुरुषार्थ सिद्ध करीत हिंडतं?

चाळ मायेने धावून आली. शहाळी आली, पेज आली. समोरच्या परबकाकू दारातूनच ओरडल्या, "माझ्या भाच्याने अपेंडिक्सनंतर दीड महिन्यात बादली उचलली, आणि टाके उसवले की गं! तीन महिने म्हणजे तीन महिने, कळलं?" आईने ते शिरोधार्य मानलं. गावी जायचं तिचं मे महिन्याचं तिकीट तिने रद्द करायला लावलं. मी जा म्हणालो, तर माझ्यावरच कडाडली, "सुनेचा पोट फाडलेला, आणि मी थय आंबे खात बसू?"

आमची खोली दहा बाय बारा. वर पोटमाळा. लग्न झाल्यापासून आम्हा दोघांचं म्हणून जे काही जग होतं, ते त्या सात पायऱ्यांच्या लोखंडी शिडीच्या वर होतं. आईने फर्मान काढलं की तीन महिने वैशाली शिडी चढणार नाही. आपलं अंथरूण तिने शिडीच्या पायथ्याशीच घातलं आणि सुनेला पलीकडे, भिंतीच्या कुशीत घेतलं. मी वर एकटा. केवढी निर्मळ माया ती, आणि तिनेच आमची वाट अडवली होती!

दुसऱ्याच महिन्यात वैशालीची पाळी वेळेवर आली. कॅलेंडरवर तिने पेन्सिलीने इतका फिकट ठिपका दिला की तिच्याशिवाय कुणाला दिसू नये. पुढच्या महिन्यात पुन्हा ठिपका. देह आपलं वचन पाळत होता. भाजी निवडता निवडता ती हळूच म्हणाली, "आईंना सांगा ना खरं. मी कशी सांगू?" मी म्हटलं, "बघतो." तिसरा ठिपका देऊन तिने पेन्सिल कॅलेंडरच्या खिळ्याला परत अडकवली. चौथ्या महिन्यात शिडी मोकळी झाली, पण तेव्हा बहीण मुलांना घेऊन राहायला आली, मग गणपती, मग पाहुण्यांची वर्दळ. दिवाळीनंतर ठिपक्यांमधलं अंतर पुन्हा वाढू लागलं. एक दिवस ती पेन्सिल खिळ्यावरून नाहीशी झाली.

त्या महिन्यांत मूल राहिलंच असतं, असं कोण सांगू शकतं? डॉक्टरबाईंनीही तशी हमी दिली नव्हती. पण न आलेल्या मुलापेक्षा न उच्चारलेलं वाक्य जास्त जड होतं, हे मी वयाच्या पन्नाशीजवळ शिकतो आहे. नशिबाला दोष देता येतो. स्वतःच्या भिडेला कोणतं नाव द्यायचं? आणि या सगळ्या काळात आई दरवर्षी सुनेला गणपतीच्या नवसाच्या रांगेत उभी करीत राहिली. वैशाली तासन्‌तास उभी राहून प्रसाद घेऊन यायची आणि निम्मा माझ्या हातावर ठेवायची.

परवा दुपारी आईने पुन्हा रांगेचा विषय काढला. आता ती ऐंशीची आहे, वैशाली चव्वेचाळीसची. माझ्यात एकाएकी धैर्य आलं असं नव्हे. लपवून लपवून मी नुसता थकलो होतो. सगळं सांगितलं, ऑपरेशन कसलं होतं तेही आणि ते महिने कसले होते तेही. मला वाटलं, ती आकांत करील. ती आपल्या तळहातांकडे पाहत म्हणाली, "माका सांगूक काय झाला होता तुका? मी गावाक गेलंय असतंय."

इतकंच. ज्या पर्वताला वळसा घालण्यात मी बारा वर्षं घालवली, तो एका तिकिटाएवढा होता.

मग ती भिंत धरत उठली, मोरीपाशी भांडी घासत बसलेल्या वैशालीजवळ गेली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मी तुमच्या मधी निजलंय गो, बाय." वैशालीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला कुठे ठाऊक होतं, आई," ती म्हणाली, आणि ओले हात तसेच ठेवून तिने कपाळ आईच्या खांद्याला टेकवलं.

दोघी पुष्कळ वेळ तशाच होत्या. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. माझ्याकडे कोणीच पाहिलं नाही, आणि मीही त्यांना हाक मारली नाही.