दादाच्या व्हॉल्व्हचे गुणदोष

थोरला भाऊ गेल्यावर दीड महिन्याने मिरजेच्या एका गृहस्थांनी त्याचे हेडफोन अँप्लिफायर विकत मागितले. दादाची आणि त्यांची ओळख फोनवरची, एकाच नादातून झालेली. "यंत्राचे गुणदोष प्रामाणिकपणे लिहून ठेवा, मी रविवारी येतो," असे त्यांनी मला कळवले. सांगलीत मी सारा जन्म पोरांचे निबंध तपासण्यात घालवला, त्यामुळे घरात गुणदोष काढण्याचे काम माझ्याचकडे येणार हे उघड होते. शनिवारी मी कोरेगावकडच्या आमच्या गावी गेलो.

वहिनी दारातच म्हणाल्या, "विका, भाऊजी. पर त्याआधी मला एक सांगा. सा वर्सं तुमचं दादा ते कानाला लावून माज्याकडं पाठ करून बसलं. गाणं ऐकत हुतं, का मला टाळत हुतं? तुमी शिकल्यालं हाय. बघून सांगा."

ही जबाबदारी मिरजेच्या गृहस्थांच्या कामापेक्षा फारच जड होती. मी वही काढली.

आधी यंत्र. बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढे लोखंडी खोके आणि त्यावर उभ्या चार काचेच्या नळ्या. पूर्वी रेडिओत असायचे तसलेच व्हॉल्व्ह. फोनमधले गाणे या नळ्यांतून फिरून हेडफोनमध्ये येते, म्हणजे जे गाणे फुकट ऐकू येत होते तेच. किंमत एका मुऱ्हा म्हशीची. वहिनींनी दोन्हींची तुलना वेळोवेळी केली होती आणि प्रत्येक वेळी म्हैस पुढे गेली होती.

दादा सैन्यात सिग्नलला होता. "अख्खी नोकरी खरखर ऐकली," तो म्हणायचा, "आता जरा माणसाचा आवाज ऐकू दे." यावर वहिनी म्हणायच्या, "मग मी काय बोलते ते कुनाचा आवाज हाय?"

पहिला गुण लिहिला: आवाज गोड. दादाने एकदा मला ऐकवला होता. साखरेच्या चहाचा गोडवा सरळ जिभेवर येतो, गुळाच्या चहाचा जरा मागून, थोडी माती घेऊन येतो. हा गुळाचा होता. दुसरा गुण सुचेना, म्हणून दोषांकडे वळलो आणि वहीचे पान भरले. तापायला दहा मिनिटे लागतात. तापल्यावर चैत्रात खोलीत बसवत नाही. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की गाणाऱ्या बाई घुमायला लागतात. उचलताना कंबर धरते. एका वेळी एकालाच ऐकू येते.

दिसायलाही फसवे आहे. दादा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ते मी सुरू केले होते. का केले ते सांगता येत नाही. त्याचे बोट रोज ज्या बटणावर पडायचे ते दाबावेसे वाटले. वरच्या खिळ्याला कुणी त्याचा फोटो अडकवला होता. म्हसवडची आत्या आली, अंधाऱ्या खोलीत नळ्यांच्या तांबूस उजेडापुढे तिने हात जोडले आणि म्हणाली, "दिवा कसा शांत जळतोय! सुटला बगा जीव." आणि झेंडूचे फूल वाहिले. ते सगळ्यात तापलेल्या नळीवर बसले. पिंडदानाच्या गप्पा चालू असताना घरभर भाजल्या झेंडूचा वास सुटला आणि आत्या म्हणाली, "त्येला पोचलं."

व्हॉल्व्ह या शब्दाने आमच्या घरात आणखी एक घोटाळा केला आहे. दादाला मिरजेला दाखल केले तेव्हा डॉक्टरांनी वहिनींना समजावले की हृदयातला व्हॉल्व्ह खराब झालाय, नवा बसवावा लागेल. वहिनी ताबडतोब म्हणाल्या, "नवा हाय की घरात! गेल्या वर्षीच मागवलाय, कपाटात खोक्यात हाय. आनू का?" दादा खाटेवर इतका हसला की नर्सने येऊन मशीन तपासले. नवा व्हॉल्व्ह बसवायच्या आत तो गेला. पण त्याचे ते हसणे आठवले की मला अजून बरे वाटते, आणि लगेच वाईट.

दुपारी वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. मी खुर्ची यंत्र ठेवलेल्या फळीपाशी ओढली, तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. दादाला वायर पुरत नसल्यामुळे तो असाच बसायचा; तेवढा आरोप तिथेच निकालात निघाला. यंत्र तापू दिले. कान पूर्ण झाकणारे त्याचे हेडफोन घातले. गाणे लावले नव्हते.

टण्ण.

थोड्या वेळाने पुन्हा, टण्ण, टण्ण. काच वाजावी तसा, पण डोक्याच्या आत. मी हेडफोन काढून आत गेलो. वहिनी ओट्यावर खलबत्ता घेऊन उभ्या होत्या.

"काय कुटताय?"

"लसनाची चटनी. का? वास आला?"

"आवाज आला. त्या यंत्रातून."

मग मी पुन्हा हेडफोन घालून नळ्यांवर एकेक करून नख वाजवून पाहिले. डावीकडची शेवटची नळी हादरा उचलत होती. जुन्या व्हॉल्व्हला असे होते. ज्या भिंतीला ओटा चिकटलेला, त्याच भिंतीत फळी ठोकलेली. ओट्यावर बत्ता पडला की फळी हादरायची आणि फळी हादरली की दादाच्या कानात वहिनी वाजायच्या.

कपाटात नवा व्हॉल्व्ह होता, सील न फोडलेला. बदलायला दोन मिनिटे लागतात. वर्षभर बदलला नव्हता. यावरून हवा तो अर्थ निघतो, पण न्हाणीघरातला गेलेला बल्बही दादाने दीड वर्ष बदलला नव्हता, हेही लिहिले पाहिजे.

मी वहिनींना नळीचे आणि बल्बचे, दोन्ही सांगितले. त्यांनी बत्ता खाली ठेवला.

"म्हंजे मी पलीकडं हाय हे त्यांस्नी कळत हुतं?"

"एकेक घाव."

"मग हाक मारल्यावर ओ का देत न्हवतं?"

"हाकेनं फळी हादरत नाही, वहिनी."

"मग सांगाय काय झालं हुतं? बत्त्यानंच बोलावलं असतं की!" त्या चिडल्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. चटणीचा हात डोळ्याला लागला, मग आणखी चिडल्या. "त्या मिरजवाल्याला सांगा, यंत्रात खोट हाय, द्यायचं न्हाई."

"नवा व्हॉल्व्ह बसवला की खोट जाईल."

"बसवू नगा म्हनलं ना!"

त्या जाऊन खुर्चीत बसल्या. मी हेडफोन त्यांच्या अंबाड्यावरून सांभाळून घातले.

"आता तुमी जावा तिकडं. कुटा."

मी ओट्यापाशी गेलो. बत्ता वाटला होता त्यापेक्षा जड होता. चार घाव घातले तरी पलीकडून काही नाही. पाचव्याला वहिनी ओरडल्या. हेडफोन घातलेला माणूस ओरडतो तशा, पार गल्लीपर्यंत:

"जोरात, भाऊजी! भिऊ नगा, तुमचं दादा काय उठत न्हाईत!"

लसूण केव्हाच बारीक झाला होता. मी कुटत राहिलो.