तळ्यावर कोण बोललं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर उभी राहिले तरी मनातल्या मनात ते पूर्ण वाक्य मी कधी म्हटलं नाही — अर्ध्यावर आलं की घाईघाईनं हात जोडायचे आणि प्रदक्षिणेला लागायचे. आता तुमच्याजवळ बोलायला बसले आहे, तरी आधी दुसरंच काहीतरी सांगावंसं वाटतंय. मग गावाबद्दल सांगते. नाहीतरी तिथूनच सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर रोह्याचं. लग्न होऊन मी पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावात गेले. गावाचं नाव घेत नाही; ती माणसं अजून तिथं आहेत. नव्वद सालानंतरची ती वर्षं. गाव लहान. मध्ये देऊळ, एका अंगाला पिण्याच्या पाण्याचं तळं, तळ्यापलीकडे भातशेती आणि शेतीपलीकडे खाडीचा बांध. त्या बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडायची, शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं. भरतीला लावून घ्यायची, खाडी आत येऊ द्यायची नाही. सगळं गाव त्या एका दारावर जगत होतं म्हणा ना.

उघाडीपाशी मासे धरायचा हक्क गावकी दरवर्षी कुणाला तरी द्यायची. त्या वर्षी तो तात्यांच्या भावाला मिळाला. तात्या म्हणजे गावकीचे पुढारी. हा भाऊ काय करायचा, तर भरतीला दार लावायचंच नाही. पाण्याबरोबर कोळंबी आत येते. पाणी उतरताना जाळं लावलं की झालं. दिसत होतं सगळ्यांना. बोलणार कोण? उन्हाळा आला तसं तळ्याचं पाणी आधी मचूळ झालं, मग खारट. डाळ शिजेना. पोरांची पोटं बिघडायला लागली. मी गावात अंगणवाडी चालवायचे — मला सगळे ‘बाई’च म्हणायचे — आणि माझ्यासमोर बसलेली निम्मी पोरं सुकलेल्या तोंडाची असायची.

आणि हिरा. हिराबद्दल सांगायचं मी टाळतेय, कळतंय ना तुम्हाला?

हिरा माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या परसात मध्ये कुंपणसुद्धा नव्हतं. मी शहरगावातून आलेली, मला चुलीवरची भाकरी यायची नाही, ती तिनं शिकवली. माझ्या पहिल्या बाळंतपणात माझी आई आजारी म्हणून येऊ शकली नाही, तेव्हा रोज मला आणि बाळाला न्हाऊ घातलं ते हिरानं. ती फारशी शिकलेली नव्हती, बोलायलाही कमी. तिचा नवरा गजानन दुसऱ्यांच्या बांधावर मातीकामाला जायचा. एकच मुलगी, रेश्मा, चार वर्षांची, माझ्याच अंगणवाडीत यायची.

एके दिवशी सकाळी सरकारी जीप आली. बांधाची पाहणी करणारे साहेब होते. आम्ही दोघी तळ्यावर हंडे घेऊन उभ्या होतो. साहेब सहज म्हणाले, पाणी कसं आहे हो तुमचं? तेवढंच विचारलं त्यांनी. आणि सगळं सांगितलं गेलं — भरतीला दार कोण उघडं ठेवतं, कशासाठी ठेवतं, कुणाचा भाऊ आहे तो, पोरं कशी आजारी पडतात, गावकी कशी डोळे मिटून बसली आहे. ओंजळभर पाणी साहेबांपुढे धरून, पिऊन बघा म्हणून सांगितलं गेलं. शेजारी दुसरी बाई होती ती भेदरून पदर ओढत होती, गप गो, गप, म्हणत होती.

साहेब तसेच तात्यांच्या ओटीवर गेले. चारचौघांत त्यांना म्हणाले, ‘तुमच्याच गावातली बाई सांगते, उघाडी मुद्दाम उघडी ठेवतात. हे चालायचं नाही.’ आणि जीप निघून गेली.

पुढच्या रविवारी सकाळी देवळात गावकी बसली. पुरुष सभामंडपात, आम्ही बायका बाहेर पायऱ्यांपाशी. तात्या चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलत होते. गावातली गोष्ट गावाबाहेर गेली, देवासमोर आपण काय ठरवलेलं आहे? तळ्यावर त्या वेळी दोघीच होत्या हे पोरांनी पाहिलेलं होतं. ते माझ्याकडे वळले.

‘बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही खोटं नाय बोलणार. साहेबाशी कोण बोललं?’

त्याच आठवड्यात तात्या आमच्या ह्यांना डोलवीच्या कंपनीत चिकटवणार होते. कंत्राटी का होईना, पण शिफ्टचं काम. हे पुढच्याच रांगेत बसले होते, मान खाली घालून. मी हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतेय फक्त.

मी म्हणाले, ‘हिरा बोलली. मी तिला गप्प बस म्हणत होते.’

तळ्यावर बोलले ती मी होते. ओंजळ पुढे धरली ती मी. पदर माझा होता आणि तो ओढणारी हिरा होती. मी नुसतं तिचं नाव घेतलं नाही — तिचा सगळा शहाणपणा उचलून स्वतःच्या अंगावर घेतला आणि माझं बोलणं तिच्या अंगावर टाकलं. विचार करून केलं का? नाही. पण इतकं नीट बसलं ते, की विचार करूनही याहून नीट जमलं नसतं. माणसाच्या आत हे तयारच असतं का हो? मला खरंच माहीत नाही.

हिरानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मला वाटलं आता ही ओरडेल, आता सगळं बाहेर येईल — आणि कुठंतरी तसं व्हावं असंही वाटलं. तात्यांनी तिला विचारलं, ‘व्हय का गो?’

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘मीच बोलले. पण खोटं काय बोलले? पाणी खारं नाय?’

तात्या म्हणाले, माफी माग, नारळ ठेव, विषय मिटला. ती नाही म्हणाली. गजानन तिला खुणावत होता, तरी नाही म्हणाली. जन्मात कधी चार माणसांत तोंड न उघडलेली बाई! मी बोललेल्या शब्दांसाठी ती तिथं उभी राहिली, कारण ते शब्द खरे होते. आणि ते ज्या तोंडातून निघाले, ते तोंड पायऱ्यांपाशी बंद होतं.

त्यांना वाळीत टाकलं.

तुम्ही वाळीत टाकणं हा शब्द ऐकला असेल. मीही तोवर नुसता ऐकलाच होता. आरडाओरड काही नसते. सगळं शांत असतं. गिरणीवाला म्हणतो, पट्टा तुटलाय. दुकानदार म्हणतो, साखर संपली. तुम्ही समोरून आलात की बायका बाजूला होतात आणि तुम्ही गेल्यावर पुन्हा बोलायला लागतात. हिरा दळणाचा डबा डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी चालत जायची. पावसाळ्यात लावणीला एकमेकांच्या शेतात जायची पद्धत होती, तिच्याकडे कुणी गेलं नाही. ती आणि गजानन, दोघंच चिखलात वाकलेली दिसायची, इतरांची शेतं हिरवी झाली तरी. गणपतीत आरतीला सगळं गाव घरोघर फिरतं. तिच्या दारावरून आम्ही झांजा थांबवून पुढे गेलो. आत तिघांची आरती चालली होती. रेश्माचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

परसात कुंपण नव्हतं म्हणाले ना. आमच्या ह्यांनी ते घातलं. मी काट्या धरून दिल्या.

पण याहून एक वाईट आहे. ते सांगायचंय की नाही, हे मी आत्ता या क्षणापर्यंत ठरवलं नव्हतं.

बायांनी मला सांगितलं, त्या पोरीला आमच्या पोरांबरोबर बसवू नका. अंगणवाडी सरकारची होती. मला नाही म्हणता आलं असतं, कुणी माझं काही करू शकलं नसतं. मी काय केलं? रेश्माला जवळ बोलावलं आणि म्हणाले, ‘उद्यापासून येऊ नको हं.’ तिनं विचारलं, ‘मी काय केलं, बाई?’ मी म्हणाले, ‘काही नाही. तुझ्या आईला विचार.’

तुझ्या आईला विचार. असं म्हणाले मी.

तिनं आईला विचारलं असणार. आणि आईनं काय सांगितलं असेल? हिरानं त्या चार वर्षांच्या पोरीलासुद्धा माझं नाव सांगितलं नाही. कारण नंतरही ती पोरगी रस्त्यात दिसली की मला हात करायची.

थंडीत हिराची सासू वारली. गावातल्या घरोघरी कळलं, आणि घरोघरी दारं लागली. हिराचे दोन भाऊ माहेराहून आले, एक नणंदेचा नवरा आला. गजानन मडकं धरून पुढे. तिरडीला तीनच खांदे होते. मी खिडकी थोडी उघडी ठेवून बघत होते. आमचे हे माझ्या मागे उभे होते. चौथ्या खांद्यासाठी ते लोक काही वेळ थांबले — कुणी येईल म्हणून नव्हे, काय करावं ते सुचेना म्हणून. मग हिरानं पदर खोचला आणि सासूला खांदा दिला. तिकडे बाई स्मशानात जातसुद्धा नाही. ती गेली. आमच्या खिडकीवरूनच गेली. मी तेव्हा दार उघडून बाहेर आले असते तर? एकच वाक्य बोलायचं होतं. मी खिडकी लावून घेतली आणि वर कडी सरकवली.

शिमग्याच्या आधी गजानन खचला. तो तात्यांच्या पाया पडला, मग हिरालाही यावं लागलं. पुन्हा तोच सभामंडप, पुन्हा आम्ही पायऱ्यांपाशी. तिनं नारळ ठेवला. तात्या म्हणाले, नुसता नारळ नाही, तोंडानं बोल. मग ती म्हणाली, ‘मी साहेबाला खोटं सांगितलं. चुकले.’

तेव्हा मात्र तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच दिवशी बायका तिच्याशी बोलायला लागल्या, जसं काही मध्ये काही झालंच नव्हतं. मीही गेले. हळदीकुंकू लावलं. ती म्हणाली, ‘बस, चहा टाकते.’ मी चहा प्याले. उघाडी तशीच चालत राहिली, तळं खारं ते खारंच राहिलं. पुढे नळाचं पाणी आलं तेव्हा कुठे पोरं सुधारली. आमचे हे कंपनीत लागले, पुढे कायम झाले. आम्ही रोह्याशेजारी वरसेला घर घेतलं. हिरा आणि गजानन मात्र नारळ ठेवला त्याच वर्षी, पावसाळ्याआधी गाव सोडून पेणला गेले.

दोनेक वर्षांनी गणपती ठरवायला मी पेणला गेले होते, तर एका कारखान्यात हिरा दिसली. मूर्तींच्या रांगांमध्ये बसून दागिन्यांना सोनेरी रंग देत होती. मला बघून उठली. ‘ये गो, कधी आलीस?’ हात रंगलेले, म्हणून कोपरानंच स्टूल पुढे सरकवलं. घरातल्या एकेकाची चौकशी केली. तेवढ्यात रेश्मा शाळेतून आली, दप्तर पाठीला. हिरा तिला म्हणाली, ‘ओळखलंस का? आपल्या बाई ह्या. तुला पहिली अक्षरं ह्यांनी शिकवली.’ पोरगी लाजून हसली आणि वाकून माझ्या पाया पडली.

कारखान्यात आम्ही तिघीच होतो. गावकी नव्हती, तात्या नव्हते, कंपनी नव्हती. कुणाची भीती होती मला? कुणाचीच नाही. मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, ‘रंग छान बसलाय गो.’

ती म्हणाली, ‘व्हय, अवंदा रंग चांगला मिळालाय.’ आणि पुन्हा कामाला लागली.

मागच्या वर्षी गावात लग्न होतं, जेवायच्या पंगतीत माझ्या शेजारी एक नवी सून बसली होती. बोलता बोलता जुन्या गोष्टी निघाल्या. ती म्हणाली, ‘तुमच्या वेळेला एक हिरा होती ना, गावाची चहाडी करणारी? आमची सासू सांगते.’ तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, ऐकलेलं सांगत होती बिचारी. माझ्या पानात नुकताच भात वाढला होता. मी त्यावर वरण घेतलं आणि मान हलवली. हो, होती, म्हणाले.

हिरा अजून पेणला असते. गजानन आता नाही. घर कुठे ते मला माहीत आहे, रोह्याहून सकाळच्या गाडीनं निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं. मी गेलेले नाही.