मामाची नोंद कुठे गेली?

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. काही बिघडलं की कुठेतरी चूक असते, आणि ती बहुतेक वेळा आपलीच असते... माझा विश्वास एवढ्यावरच. तरी हे लिहितेय, कारण आईला सांगू शकत नाही आणि ऑफिसात बोलले तर वेड्यात काढतील.

माझा मामा गव्हाण गावचा. सगळं आयुष्य मिठागरात गेलं, म्हातारपणी किडन्या निकामी झाल्या. जुन्या पनवेलमधल्या एका छोट्या डायलिसिस सेंटरला मीच त्याला गाडीतून न्यायचे. त्याची खुर्ची ठरलेली — खिडकीजवळची. तिथून खाडीचा एक तुकडा दिसायचा. दुसरी खुर्ची दिली की हा माणूस सिस्टरशी चक्क भांडायचा.

ते सेंटर नवीन पनवेलला हलणार होतं. नवी इमारत, एसी, आणि खिडकी एकही नाही. पेशंटचा डेटा जुन्या डेटाबेसमधून नव्यात न्यायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. काम तसं किरकोळ. प्रत्येक पेशंटची एक नोंद. रिपोर्ट, औषधं, डायलिसिसच्या पाळीचा वार, सगळं तिच्यातच. एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड, घेऊन आपण थोडासा कोड लिहायचा, ती इकडच्या नोंदी वाचते आणि तिकडे जशाच्या तशा लिहिते. कॉपीच ती, मूळ नोंद जागच्या जागी राहते.

सगळ्यांच्या नोंदी तिकडे गेल्या. मामाची नाही.

एरर नाही, काही नाही. पुन्हा चालवलं, तरी नाही. शेवटी वैतागून ती हाताने नव्या डेटाबेसमध्ये घातली. दिसली. हुश्श करून चहा टाकला, येऊन बघते तर नोंद गायब! पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. नव्या सिस्टिममध्ये नाव नाही म्हणजे पाळी नाही, आणि पाळी चुकली की मामाला श्वास घेता येत नसे.

जुन्या सेंटरमधल्या त्याच्या शेवटच्या पाळीपर्यंत मी हे कोणाकडेच बोलले नव्हते. त्या दिवशी सिस्टर सुई लावत होती. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाय, माजं नाव जात नाय ना तिकडं?"

मी चपापले. "कोणी सांगितलं तुला?"

"कोन सांगनार? कशाला दमतेस. मी नाय यायचा तिकडं."

"मामा, हट्ट नको. सोमवारी पाळी आहे तुझी. मी बसेन ना शेजारी."

"तू बसशील गो. पन खिडकी नाय ना तिथं."

सिस्टरला हसू आलं. मला नाही आलं. मी तिथल्या तिथे तिला त्याचं नाव कागदावर लिहून घ्यायला लावलं आणि सोमवारची पाळी पक्की केली. म्हटलं, सिस्टिम गेली खड्ड्यात.

रविवारी दुपारी मामा जेवून ओटीवर आडवा झाला, तो उठलाच नाही. मामीला वाटलं, झोपलाय.

तेराव्यानंतर जुना डेटाबेस बंद करायचा होता. बंद करण्याआधी, काही राहिलंय का बघायला कोड शेवटचा एकदा चालवतात. भर दुपार होती, खाली भाजीवाला ओरडत होता. स्क्रीनवर ओळ आली — एक नोंद कॉपी झाली. मी नव्या डेटाबेसमध्ये शोधलं. नव्हती. जुन्यात बघितलं... तिथेही नाही. अहो, कॉपी केल्यावर मूळ नोंद कधी जाते का? ओळ परत वाचली. ‘कुठून’पुढे जुना डेटाबेस होता. ‘कुठे’पुढची जागा कोरी होती.

ती ओळ मी एका सीनियरला दाखवली, मामाचं काही न सांगता. तो म्हणाला, लायब्ररीत बग असेल. असेलही. पण मामाला ते आधी कसं कळलं, हे मी आता शोधत नाही. मामाची फार आठवण येते. ती नोंद जिथे कुठे गेली असेल, तिथे एक खिडकी असू दे, एवढंच वाटतं.