मोठी माणसं जराशी वाकलेली

ऑफिसात त्यांना सगळे ताई म्हणत. वयानं दहा वर्षांनी मोठे असलेले संपादकसुद्धा ताईच म्हणत, आणि ताई त्यांना भाऊ. लहान मुलांची वाचनाची पुस्तकं काढणारी छोटी प्रकाशन संस्था होती ती. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, त्यातल्या एकीत खिडकीपाशी ताईंचं टेबल. बावीस वर्षांत त्या टेबलावर इतका रंग सांडला होता की लाकूड मुळात कसलं होतं ते सांगणं कठीण. इथंच बसून ताईंनी शेकडो मुलं, आया, पोस्टमन आणि डॉक्टर जलरंगात काढले. चित्र झालं की भाऊ ते हातात घेत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "चालेल." बावीस वर्षं हा एकच शब्द. कौतुकाच्या बाबतीत काही माणसं जन्मतःच मुठी आवळून येतात.

या वर्षी ठरलं की जुनी सगळी पुस्तकं बंद करून एकच नवं काढायचं. अठ्ठेचाळीस चित्रांचं. म्हणजे या पुस्तकात जे नाही, ते यापुढे कुठंच नाही. त्याच सुमारास ऑफिसच्या संगणकावर शब्द लिहिले की चित्र काढून देणारं एआय आलं. त्या दिवशी ताईंनी ब्रश हातातच घेतला नाही. भाऊंच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाले, "घाबरता काय, ताई! मागचं आकाश, भिंती, झाडं तेवढी त्याच्याकडून घेऊ. माणसं तुमचीच."

ताईंचा जीव भांड्यात पडला. भाऊंनी शब्द दिला म्हणजे दिला, असं त्या तोवर मानत होत्या.

मग त्या यंत्राशी खेळायला लागल्या, आणि सुरुवातीलाच घोडं पेंड खायला लागलं. 'सुंदर झाड' लिहिलं तर यंत्रानं केकवर लावतात तसलं झाड दिलं. 'खूप सुंदर झाड' लिहिलं तर त्याला दिवे लागले. ताई चिडल्या आणि शब्द बदलत बसल्या. अखेर त्यांनी लिहिलं, 'खोडाला सायकल टेकवलेली, एका बाजूची पानं धुळीनं मळलेली,' आणि पडद्यावर असं झाड आलं की त्याखाली जाऊन बसावंसं वाटलं. गंमत म्हणून 'थकलेली बाई' मागितली, तर गालाला काजळी फासलेली नटी आली. 'एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच, पिशवी अजून हातात' असं सांगितल्यावर मात्र खरीच बाई आली.

"तुम्हाला हे सुचतं कसं?" भाऊ चहाचे दोन कप घेऊन शेजारी खुर्ची ओढत.

"वाखाणायचं नाही त्याच्यापाशी. काय कुठं टेकलंय, काय अर्धवट राहिलंय, ते सांगायचं."

भाऊ वहीत लिहून घेत. पेन्सिल धरलेला लहान हात कसा दिसतो, रुसलेलं पोर खांद्यातून कसं ओळखू येतं, रोज नवा प्रश्न. ताई भरभरून सांगत. आजवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. घरी नवरा चिडवायचा, "त्या मशीनशी इतकं समजावून बोलतेस, आमच्या वाट्याला फक्त 'ताट घ्या'." ताई हसायच्या. गेल्या कित्येक वर्षांत त्या ऑफिसातून इतक्या खुशीत घरी आल्या नव्हत्या.

एका मंगळवारी दुपारी त्यांना शाळेच्या भिंतीचे आधी जमलेले शब्द हवे होते. खातं ऑफिसचं, दोघांत एकच. जुन्या सूचनांची यादी उघडून त्या वर वर जात राहिल्या, आणि आपण कधीच न लिहिलेल्या ओळींपाशी थांबल्या.

'पाच वर्षांची मुलगी, जलरंग. कोपरापाशी रेषा सुटलेली, जणू चित्रकाराला पुढच्या गोष्टीची घाई आहे.'

'डोळे म्हणजे दोन ठिपके, डावा केसभर खाली. त्यामुळे मूल कायम काहीतरी विचारणार आहे असं वाटतं.'

'गालाचा रंग रेषेबाहेर थोडा सांडलेला. तो चुकून नाही, मायेनं सांडलेला.'

'मोठी माणसं सगळी जराशी वाकलेली, कारण ती मुलांचं ऐकताहेत.'

ही शेवटची ओळ ताईंनी तीनदा वाचली. मग उठून कपाटातली जुनी पुस्तकं काढली. पोस्टमन वाकलेला, डॉक्टर वाकलेला, दुकानदारसुद्धा. पानामागून पान, सगळे वाकलेले. बावीस वर्षं त्यांचा स्वतःचा हात हे करत होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

प्रत्येक ओळीसोबत त्यांचं एकेक जुनं चित्र जोडलेलं होतं, यंत्रानं बघून शिकावं म्हणून. एकशे चाळीसच्या वर प्रयत्न. पुढं पुढं त्यांचीच चहावरची वाक्यं, जशीच्या तशी. आणि पहिल्या ओळीची तारीख होती भाऊ "माणसं तुमचीच" म्हणाले त्याच दिवसाची. संध्याकाळची. त्याच खात्यातल्या एका फोल्डरमध्ये नव्या पुस्तकाची अठ्ठेचाळीस चित्रं माणसांसकट तयार होती.

असा केसानं गळा कापला होता, आणि वर त्याला चहा पाजला होता.

भाऊ कप घेऊन आले. पडद्याकडं पाहिलं आणि कप तसेच धरून उभे राहिले.

"तुम्ही मागं जाऊन बघाल असं वाटलं नव्हतं."

"कधीपासून ठरलं होतं?"

"निर्णय वरचा, ताई. माझ्या हातात काय होतं? नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं, तेही वाईट. मी निदान तुमच्यासारखं व्हावं म्हणून जीव तोडला."

"निर्णय वरचा असेल. हे शब्द कुणाचे?"

भाऊंनी नजर पडद्यावरून काढून खिडकीकडं वळवली.

ताईंचा आवाज चढला. "मायेनं सांडलेला! हे तुम्हाला दिसत होतं? इतकी वर्षं दिसत होतं?"

"पहिल्या पुस्तकापासून," भाऊ म्हणाले. ते खरं बोलत होते, आणि तेच ताईंना जास्त लागलं.

"मग एकदा तरी तोंडातून का नाही काढलंत?"

भाऊंनी कप टेबलावर ठेवले. त्यांना खरंच कोडं पडल्यासारखं दिसत होतं.

"यंत्राला सगळं नीट सांगावं लागतं हो, ताई," ते म्हणाले. "तुम्हाला कधी सांगावंच लागलं नाही."

ताईंना रडू फुटलं. आपलं रडू या माणसाला दिसतंय याचाही त्यांना संताप आला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, कपाटातून काढलेली पुस्तकं पिशवीत भरली आणि दारापाशी जाऊन वळल्या.

"सांगायला हवं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं."