ओट्यावरचा पांढरा चेंडू

यशश्री आज जेवली का, हे मी तिला दुपारी फोनवर विचारलं नाही. ती हो म्हणाली असती आणि ते खोटं आहे हे मला कळलं असतं. चार दिवस झाले, दाराआडून कुणी बोलावं तसा तिचा आवाज येतोय. ती भोपाळला आहे. उद्या अकरा वाजता अहवाल द्यायचा आहे, आणि त्यावर तिचाच विश्वास नाही.

माझी मुलगी एकोणतीस वर्षांची आहे, लेसरने जमीन मोजते. गॅस बंद केला का, हे बघायला जिन्यावरून परत येणारी. दोन वर्षांपूर्वी पाटनकडच्या एका कालव्याच्या उताराच्या मापात चूक झाली होती. ती तिने स्वतःच सांगितली आणि नोकरी गेली. त्यावर ती एकदाच बोलली, "आई, माझ्या आकड्यांसाठी पाणी काही चढ चढलं नसतं."

या वेळचं काम घराजवळचं होतं. आमच्या गढा भागातल्या टेकडीवर एका दगडावर दुसरा प्रचंड दगड बसलेला आहे, खाली दहा-बारा घरं. तो दगड वर्षभरात सरकला का, एवढंच सांगायचं. लेसरला समोरचं दिसतं, मागचं नाही. म्हणून तिने दगडाभोवती अकरा जागी तिपाई लावून अकरा स्कॅन घेतले. मध्येमध्ये नारळाएवढे पांढरे चेंडू ठेवले. शेजारच्या दोन स्कॅनमध्ये तेच दोन चेंडू दिसले की ते स्कॅन एकमेकांना जोडता येतात. असं जोडत गोल फिरून अकरावा पहिल्याला मिळायला हवा. तो चार बोटं दूर राहिला.

"मग?" मी विचारलं होतं.

"साहेब म्हणाले, फरक सगळ्या सांध्यांत वाटून टाक. वाटला की सगळं सुंदर दिसतं, आई. दगड हलला नाही असंच येतं. पण एकच सांधा खोटा असेल, तर मी त्याचं खोटं बाकीच्यांना वाटून दिलं."

तिने फरक वाटून टाकला. नोकरी नवी आहे.

आज संध्याकाळी बेबीताई पोळ्या करायला आल्या. त्यांचं घर त्याच दगडाखाली.

"काहून अशा बसल्या, वहिनी?"

"यशूचं काम अडलंय. दगडाचं."

"अच्छा, ते? मी तर तिला मदतच केली. तिचा तो पांढरा चेंडू मारुतीच्या ओट्यावर, ऐन दिव्याच्या जागी. पोरगी मशीन उचलून पुढं जाऊन राहिली होती. म्हटलं, तिला कशाला त्रास? चेंडू उचलला, दिवा लावला, अन् ठेवून दिला परत. जसाच्या तसा. पदरानं पुसून भी दिला."

"त्याच जागी?"

"तिथं तर दिवा होता ना. जरासा बाजूला. वीतभर भी नाही."

"यशूला सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं?" त्या हसल्या. मग पोळी उलटताना हात थांबला. "दगड नाही ना हलला, वहिनी?"

"उद्या कळेल," मी म्हणाले.

ओट्यावरचा चेंडू तिसऱ्या आणि चौथ्या स्कॅनला जोडणारा, म्हणजे तिसऱ्या सांध्यातला. यशश्रीने मला कागदावर काढून दाखवलं होतं. एक चेंडू बाजूला सरकला की पुढचं सगळंच किंचित वळतं. म्हणजे खोटा सांधा कोणता, हे आता मला माहीत आहे आणि तिला नाही.

तो सांधा उघडून पुन्हा जोडला तर दगड जागच्या जागी असेलही. नसला तर बेबीताईंना घर सोडावं लागेल. यशश्रीला दुसऱ्यांदा साहेबासमोर उभं राहून माझं चुकलं म्हणावं लागेल. मी गप्प राहिले तर यातलं काहीच होणार नाही. अहवाल जाईल, बेबीताई उद्या पोळ्या करायला येतील, आणि मी दर वेळी त्यांच्या हाताकडे बघत बसेन.

रात्रीचा एक वाजला आहे. ती जागीच असेल. जेवणाचं नंतर विचारीन. आधी एवढंच सांगायचं ठरवलंय, "यशू, तिसरा सांधा उघड." फोन लावते.