बिनवजनाची शपथ

आमच्या कॉलनीत कोणी प्रसादाचा द्रोण घेऊन दारात आलं की मी आधी त्या माणसाचे डोळे बघतो. द्रोण माझ्या हातात, डोळे माझ्या तोंडावर. हा खातो का नाही? मी खातो. शिऱ्याशी माझं काही वैर नाही. मग दुसरी शंका सुरू होते. खाल्ला म्हणजे आतून मानत असणार, नास्तिकपणा म्हणजे नुसतं सोंग. न खाल्ला असता तर माजलाय असं ठरलं असतं. जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत इतकी वर्षं नोकरी करतोय, पण या परीक्षेत अजून पास झालेलो नाही.

देव मानत नाही हे मी लपवत नाही. कोणी विचारलं तर सांगतो, आपण होऊन सांगत सुटत नाही. एवढ्याशा गोष्टीनं लोक बिथरतात. कंपनीनं हैदराबादला बदली केली तेव्हा घरमालक म्हणून एक म्हातारे मियाँ भेटले. त्यांनी खोली दाखवली, पंखा लावून दाखवला, "हिंदू हो, कोई बात नहीं," म्हणाले. मी म्हटलं, मी तसं काहीच मानत नाही. त्यांनी पंखा बंद केला. "डरते तो होंगे ना किसी से?" मी म्हटलं, बायकोला घाबरतो. ते हसले, खोली मिळाली. पण गच्चीची किल्ली शेवटपर्यंत दिली नाही, बाकी सगळ्या भाडेकरूंकडे ती होती.

पुढे प्रशिक्षणासाठी हॉलंडला जाणं झालं. तिथं जेवताना विषय निघाला. मी नास्तिक आहे म्हटल्यावर समोरचा म्हणाला, मीही, आणि त्यानं मीठ मागितलं. मला हायसं वाटायला हवं होतं, उलट रागच आला. ज्या गोष्टीपायी सख्ख्या मामानं माझ्याशी बोलणं टाकलं, तिच्यावर याला एक प्रश्नसुद्धा विचारावासा वाटू नये? हा काहीतरी लपवतोय, असंही वाटत राहिलं. लोक आपल्यावर संशय घेतात आणि घेता घेता आपल्यालाही शिकवून जातात.

खरी गोष्ट मात्र गावातली आहे. कुंभार पिंपळगावच्या बाजारापासून आमचं गाव जवळच. माझ्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, दोन मुलं. थोरला अकाली गेला. त्याच्या मागे वहिनी आणि त्यांची एक मुलगी. धाकटा माझ्याहून लहान, मला दादा म्हणतो. आबांच्या रानाचे दोन तुकडे आहेत, एक विहिरीवरचा आणि दुसरा मुरमाड, जिथं कुसळंही जिवावर उदार होऊन उगवतात. विहिरीच्या तुकड्यात मोसंबीची बाग आहे. ती थोरल्यानं आणि वहिनींनी लावली. एका उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा वहिनींनी डोक्यावर पाणी वाहून झाडं जगवली होती. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आबा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा एका सकाळी त्यांच्या खाटेपाशी आम्ही दोघंच होतो, मी आणि धाकटा. आबा स्पष्ट बोलले, "विहिरीवरचं रान थोरलीला. तिनं जगवलंय." धाकट्यानं मान हलवली. लिहून ठेवायला वेळ मिळाला नाही, आबा गेले. दिवस झाल्यावर वाटणीचा विषय निघाला तर हा म्हणतो, "आबा असं बोललेच न्हाईत. दादाला भास झाला आसंल."

आमच्याकडं असं अडलं की कोर्टाआधी खंडोबाच्या देवळात जातात. बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे देवापुढची हळद, तळहातावर घ्यायची आणि बोलायचं ते बोलायचं. बेलभंडारा उचलून केलेलं विधान गाव मोडत नाही. रविवारी मला बोलावणं आलं. देवळात दहा-पंधरा माणसं बसली होती. वहिनी खांबापाशी पदर घेऊन उभ्या होत्या. निवाडा करणारे तात्या गावातले सगळ्यात वयस्कर, त्यांना कोणी उलट बोलत नाही.

"दोघांनी उचलायचं," तात्या म्हणाले.

मी पुढं झालो. "मी उचलतो. काय अडचण न्हाई."

देवळात कुजबुज सुरू झाली. हा? आणि भंडारा उचलतो? कोणीतरी मागून म्हणालं, "त्याला काय हो, हळदच हाय ती." मला वाटलं होतं, मी नकार देईन अशी त्यांची अपेक्षा असेल आणि मी सहज हो म्हटल्यावर प्रश्न मिटेल. झालं उलटंच. मी इतक्या सहज तयार झालो यातच त्यांना काळंबेरं दिसलं.

तात्यांनी बेलभंडाऱ्याची परडी मागं घेतली. "तू नको उचलू. तुझ्या शपथीला वजन न्हाई."

"मी आजवर एकदा तरी खोटं बोललेलो दाखवा, तात्या."

"तू खरं बोलतो, ते ठाऊक हाय. पर शपथ ती शपथ. ज्याला भ्याव न्हाई त्याची शपथ कशी धरावी?"

मी खरा आहे हे मान्य, आणि म्हणूनच माझं ऐकायचं नाही! मला तिथंच ओरडावंसं वाटलं. मी मागं सरकलो.

धाकटा दर रविवारी कपाळभर भंडारा लावणारा माणूस. त्यानं पान घेतलं, हळद घेतली, देवाकडं तोंड केलं. "आबा तसं बोलले न्हाईत. खोटं आसंल तर माझं वाटोळं हू दे." आवाज जरासुद्धा हलला नाही. मुरमाड तुकडा वहिनींच्या वाट्याला गेला. माणसं धोतरं झटकत उठली आणि हरभऱ्याच्या भावावर बोलत बाहेर पडली.

देवळाच्या पायऱ्या उतरताना वहिनी माझ्याजवळ आल्या. त्या चिडल्या नव्हत्या, तेच मला जास्त लागलं. "भाऊजी, वर्षातून एक नारळ फोडला आस्ता तर काय बिघडलं आस्तं? लोकायला दाखवायपुरता." जालन्यापर्यंत मोटारसायकल कशी आणली ते आठवत नाही.

पुढं सोयाबीन निघण्याच्या सुमारास एका दुपारी धाकटा माझ्या घरी आला. बायको शाळेत शिकवायला गेली होती, मी एकटाच होतो. हा कधी न येणारा माणूस. मी लगेच सावध झालो. वाटणीच्या कागदावर सही हवी असणार. चहा ठेवला तर नको म्हणाला. शर्टाच्या वरच्या खिशात मोबाइल, त्याचं तोंड माझ्याकडं. रेकॉर्डिंग तर करत नाही ना? मी जपून बोलत होतो, तो तर बोलतच नव्हता.

मग एकदम सुरू झाला. म्हैस मेली. बायको मोरीत घसरली, हात मोडला. बोअरचं पाणी गेलं. "झोप न्हाई, दादा. कपाळाला भंडारा लावायला बोट उचलंना गेलंय." तो पुढं सरकला. "तू लई पुस्तकं वाचली. बाहेरदेशी जाऊन आल्ता. मला खरं सांग. देव न्हाई ना? बिलकुल न्हाई ना?"

मला आधी हसूच आलं. मग त्याचा चेहरा पाहिला आणि हसू विरलं. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडून देव आहे असं कबूल करून घ्यायचा प्रयत्न केला. हा पहिला माणूस, जो देव नाही हे माझ्या तोंडून ऐकायला वीस कोस आला होता.

एक वाक्य पुरेसं होतं. "असतो रे बाबा, तो सगळं बघतो," एवढं म्हटलं असतं तर संध्याकाळच्या आत बाग वहिनींची झाली असती. ज्या बाईनं डोक्यावर पाणी वाहिलं तिच्यासाठी इतकंसं खोटं बोललं तर कुणाचं काय जाणार होतं? त्याच्यावर राग होता, पण त्या भेदरलेल्या माणसाला आणखी भेदरवायचं मनाला पटेना. माझ्या बोलण्याला गावात वजन नसेल, माझ्या लेखी तर होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "देव न्हाई. म्हैस आजारानं मेली. मोरीत शेवाळ आसंल."

त्यानं मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. चहा चालंल म्हणाला, मी गॅस पुन्हा लावला. त्याला असं सैल झालेलं पाहून माझं डोकं फिरलं.

"पर एक ध्यानात ठेव," मी म्हणालो. "देव न्हाई म्हंजी माफ करायलाबी वर कोनी न्हाई. आबा गेले. अभिषेक कर, न्हाईतर जेजुरीला लोळत जा, तिथं ऐकायला कोनी बसलं न्हाई. माफ करील तर वहिनी करील. दुसरं कोनी न्हाई."

चहा उकळून उतू गेला, गॅस मीच बंद केला. तो चप्पल घालून निघून गेला, येतो असंही म्हणाला नाही.

त्यानंतरच्या रविवारी देवळातून तात्यांचा फोन आला. आवाज चढलेला. "ऐकलं का? तुझ्या भावाच्या सपनात देव आल्ता! भर देवळात रडला, म्हनला आबा बोलल्ते तसं. बाग वहिनीला दिऊन राह्यलाय. ह्याला म्हंत्यात भंडारा! आता तरी मानतो का न्हाई?"

मला सगळं सांगता आलं असतं. कोण कुठं आलं होतं, कुणी काय विचारलं, मी काय सांगितलं. तेवढ्यात तात्यांच्या मागं कोणीतरी खोकललं. तो खोकला मी लहानपणापासून ओळखतो. धाकटा तिथंच उभा होता. वहिनींचं नाव सातबाऱ्यावर चढायचं अजून बाकी होतं. आता त्याला गावापुढं उघडं पाडलं असतं तर तो पुन्हा फिरला असता. फिरायला त्याला वेळ लागत नाही.

"मानावं लागंल, तात्या," मी म्हणालो.

तात्यांनी ते तिथल्या तिथं सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. देवळात जयघोष झाला, येळकोट येळकोट. मी खोटं बोललोय, हे त्या सगळ्यात एकट्या धाकट्याला ठाऊक होतं.